सामुराई, योकाई आणि माझे चार खेळाडू : सिस्टिम कुठली घेऊ?

कागदी_तलवार

नमस्कार मंडळी. टेबलावर फासे टाकून रोलप्लेइंग खेळणारा आमचा पाच जणांचा गट आहे. त्यातला मी कायमचा जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, कारण पडद्यामागे बसायला दुसरं कुणी तयारच होत नाही. दोन वर्षं डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचवी आवृत्ती खेळलो, मोहीम नुकतीच आटोपली. राज्य वाचलं, ड्रॅगन गेला. शेवटी शेवटी पात्रं इतकी बलाढ्य झाली होती की दार उघडायलाही कुणी हात लावेना, सगळं मंत्रानेच. आता बदल हवा म्हणून मतदान घेतलं आणि जपानी धाटणीची फँटसी निवडून आली.

डोक्यात आहे ते असं. डोंगरातली एक खिंड, तिच्यावर छोटासा गड. गडाचा धनी वारलाय, वारस नऊ वर्षांचा. चारही पात्रं त्याच्या पदरची. खाली भातशेतीची गावं, वर जंगलात योकाई, म्हणजे जपानी भुतंखेतं. काळ सेन्गोकूसारखा, म्हणजे १४६७ला ओनिनचं युद्ध पेटल्यावर पुढं शंभरेक वर्षं जी बेबंदशाही चालली तसा. पण नकाशा, देव आणि घराणी माझी. साधारण पंधरा सेशन.

खेळाडू: पहिल्याला तलवार उपसायची घाई. दुसरी नियम वाचत नाही, वाचणारही नाही, आणि तरी सगळ्यात झकास खेळते. तिसरा आकडेमोडीत रमतो. चौथीला भुतंखेतं द्या, बाकी काही नको.

तर डी अँड डीच ठेवून त्याला किमोनो नेसवू? की लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज ही सामुराईंची सिस्टिम घेऊ? घेतलीच तर चौथी आवृत्ती की पाचवी?

सहाबाजू

किमोनो नेसवा. नवी सिस्टिम, नवे नियम, म्हणजे पहिली तीन सेशन "थांब, हे कुठल्या पानावर आहे" यातच जातात. २०१७च्या झॅनाथारच्या पुस्तकात सामुराई फायटर आहे, केन्सेई माँक आहे. २०१४च्या जीएमच्या पुस्तकात ऑनर (अब्रू) हा सातवा गुणही ऐच्छिक नियम म्हणून दिलाय. तेवढ्यावर भागत नसेल तर २०२१चं अ‍ॅडव्हेंचर्स इन रोकुगान बघा. फाइव्ह रिंग्जचंच जग, पण पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बसवलेलं. तुमच्या दुसऱ्या खेळाडूला तर कळणारही नाही की काही बदललंय.

जुनाफासा

सहाबाजू, तिला कळणार नाही हीच तर अडचण आहे ना!

जरा हिशोब करू. डी अँड डीतला पाचव्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२, सरासरीने ४४ हिट पॉइंट, म्हणजे तेवढं नुकसान सोसेल. तलवारीचा वार डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ४, म्हणजे सरासरी साडेआठ. पाच वार खाऊनही हा बाबा उभाच, आणि उभा म्हणजे तंदुरुस्त उभा, शेवटचा पॉइंट जाईपर्यंत हात कापत नाही. असल्या जगात तलवार उपसायला कोण कचरेल? आणि कचरायला कुणी नसेल तर त्या तलवारीभोवतीचा सगळा शिष्टाचार, म्यान कुठल्या बाजूला ठेवायचं, मूठ कुणाकडे करायची, ही नुसती सजावट उरते.

फाइव्ह रिंग्जची चौथी आवृत्ती (२०१०) मी सहा वर्षं चालवली. मूळ पत्त्यांचा खेळ १९९५चा, रोलप्लेइंग १९९७पासून. दहा बाजूंचे फासे, रोल अँड कीप. ६के३ म्हणजे सहा टाका, तीन ठेवा, बेरीज करा. दहा पडला की तो फासा पुन्हा टाकून वर मिळवायचा. पंधरा लागत असताना तुम्ही आपण होऊन वीस मागून घेऊ शकता, त्याला रेझ म्हणतात. जमलं तर काम जास्त चोख, फसलं तर काहीच नाही. तुमचा आकडेमोडवाला या एका नियमावर लट्टू होईल. फासे टाकायच्या आधी त्याला दहा मिनिटं विचार करताना बघाल.

कताना, म्हणजे सामुराईची तलवार, ३के२, त्यात ताकदीचे फासे वेगळे. जखमेच्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला सगळी कामं अवघड होत जातात. माझ्या टेबलावर दोन वार खाल्लेला माणूस लढाईत राहायचा, पण पळायची वाट शोधत.

आणि इआइजुत्सूचं, म्हणजे तलवार उपसतानाच वार करायचं, द्वंद्व! आधी एकमेकांना जोखायचं, मग मन एकवटायचं, मग एकच वार. जोखून झाल्यावर हार कबूल करायची सोय आहे. सहा वर्षांत निम्मी द्वंद्वं तिथंच मिटली, आणि तीच सगळ्यात लक्षात राहिली.

शंकासुर

जुनेभाऊ रंगलेत. पण एक खडा टाकतो.

रोकुगान म्हणजे जपान नव्हे. तिथली कुळं खेकडा, बगळा, विंचू अशी ठळक रंगांत रंगवलेली, आणि सद्गुण सात मोजून दिलेले. बुशिदो, सामुराईची आचारसंहिता, म्हणून आपण जे घोकतो, त्याची नीटस मांडणी बरीचशी एदो काळातली, म्हणजे लढाया थांबल्यावर सामुराई कारकुनी करायला लागले तेव्हाची. जगभर ती पोचवली नितोबे इनाझोच्या १९००च्या इंग्रजी पुस्तकाने. खुद्द सेन्गोकूत काय होतं? १६००ला सेकिगाहाराच्या ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकी पंधरा हजार माणसं घेऊन बाजू बदलतो आणि निकाल फिरतो. निष्ठेचे गुण किती कापणार त्याचे?

दुसरं, बंदुका. १५४३ला तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक आली आणि काही दशकांत जपानभर झाली. रोकुगानमध्ये बारुदावर बंदी आहे, त्याला ते 'गायजिन पेपर' म्हणतात. मुळात रणांगणावर सामुराईचं हत्यार आधी धनुष्य, मग भाला. कताना ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यात चढलेली गोष्ट आहे.

जुनाफासा

शंकासुर, इतिहास मान्य. पण त्यांनी फँटसी म्हटलंय हो. ड्रॅगन चालतो आणि सात सद्गुण चालत नाहीत?

शंकासुर

ड्रॅगनला कुणी खरा इतिहास समजत नाही, सद्गुणांना समजतात. एवढाच मुद्दा. एरवी डी अँड डीच्याच १९८५च्या ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्समध्येही ऑनरचे गुण होतेच. त्या पुस्तकात अख्खा पूर्व आशिया एका पातेल्यात ढवळलाय, आणि प्रकाशकांना २०२०मध्ये जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानांवर खुलासा टाकावा लागला. धागाकर्ते स्वतःचा नकाशा काढतायत ते बरंच करतायत. फक्त घराणी पुस्तकातून उचलू नका.

वेताळीण

तुमच्या चौथ्या खेळाडूची मी जुळी बहीण. तलवारींचं तुम्ही बघा, मी योकाईंचं बोलते.

कप्पा घ्या. नदीतला, पोराएवढा, पाठीवर कवच, डोक्यावर खळगा आणि खळग्यात पाणी. ते पाणी सांडलं की त्याची शक्ती गेली. आणि हा प्राणी इतका सभ्य की तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही वाकणार. वाकला की पाणी सांडलं! म्हणजे कप्पाला हरवायचं हत्यार काय, तर नमस्कार. आता हा कप्पा डी अँड डीच्या मॉन्स्टर ब्लॉकमध्ये, आकड्यांच्या चौकटीत, बसवा. आर्मर क्लास १४, हिट पॉइंट २७, पंजा डी६. तुमचे लोक तो ब्लॉक संपवतील आणि खजिना विचारतील. नमस्कार करायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही, कारण शीटवर, पात्राच्या कागदावर, नमस्काराचा रकाना नाही.

त्सुकुमोगामीही तसेच. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो. एक डोळा, एक पाय असलेली छत्री त्यातलीच. तिला मारून काय मिळवाल? तिला विचारायचं असतं की तुला टाकलं कुणी.

म्हणून सिस्टिम बघताना योकाईंची यादी किती लांब आहे ते बघू नका, त्यांच्याशी लढण्याखेरीज काय करता येतं ते बघा. गोल्डन स्काय स्टोरीज वाचा. त्यात तुम्हीच कोल्हा, तानुकी (जपानी रानकुत्रा), मांजर असता. फासे नाहीत, मारामारी नाही, एखादा प्रसंग आवडला की खेळाडू एकमेकांना 'स्वप्नं' देतात. पंधरा सेशनला पुरणार नाही, पण एक संध्याकाळ खेळा आणि मग गडावर परत जा. नजर बदलते.

अवांतर: बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच बरं का. हातात वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य, आणि देवळं पाण्याकाठी. नदीवरून नाव पडलेल्या देवीने इतक्या दूर जाऊनही पाणी सोडलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. नमस्काराने मरणारा राक्षस हे भारीच.

वेताळीण

मरत नाही हो, हतबल होतो. तेव्हा त्याच्याकडून शब्द घ्यायचा, आणि कप्पा शब्द मोडत नाही.

निवांत_कासव

सगळं वाचलं. मला वाटतं प्रश्नच उलटा विचारला जातोय. जपानी काय आहे ते शोधू नका. हे सांगा: तुमच्या खेळात माणूस हरतो तेव्हा त्याचं काय जातं? जे जातं त्याचा आकडा ज्या सिस्टिमच्या शीटवर असेल, ती तुमची.

रक्त जात असेल तर डी अँड डी काय किंवा चौथी आवृत्ती काय, कुणाचं किती सांडतं एवढाच फरक.

वाटेत त्राण जात असतील तर र्‍यूतामा. २००७चा मूळ जपानी खेळ. रोज सकाळी पात्राची तब्येत कशी आहे याचा फासा, मग चाल, मग दिशा, मग मुक्काम. पावसात चिखलाच्या वाटेवर इतकी माणसं गारद होतात की राक्षस लागतच नाही. पण तुमची माणसं गडावर बसलेली आहेत, कुठं निघालेली नाहीत.

एकमेकांवरचा विश्वास जात असेल तर द माउंटन विच. फुजीवर राहणाऱ्या चेटकिणीला मारायला निघालेले रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई. प्रत्येकाचं एक काळं गुपित, आणि दुसऱ्याने तुमच्यावर टाकलेले विश्वासाचे गुण तुम्ही त्याच्या मदतीलाही वापरू शकता आणि त्याच्या गळ्यावरही. तीन-चार सेशनचा जीव आहे, पंधरा ओढू नका.

माणूसपणच जात असेल तर तेन्रा बान्शो झिरो. हाही जपानी, २०००चा. यात खेळाडू एकमेकांना दाद म्हणून चकत्या देतात, त्यातून ताकद येते, ताकद वापरली की कर्म साचतं. कर्म १०८च्या वर गेलं की पात्र असुर होतं आणि जीएमच्या ताब्यात जातं. आपल्याला १०८ समजावून सांगायला नको. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जखमांच्या रकान्यांत शेवटी असलेला 'मृत' हा चौकोन. त्यावर खूण करायची की नाही ते खेळाडू ठरवतो. केली तर जादा फासे मिळतात, पण मग त्या लढाईत तो खरोखर मरू शकतो. नाही केली तर फार तर बेशुद्ध. मरण आपल्या हाताने मांडायचं. पण हा एका लांब बैठकीचा खेळ आहे, रंगमंचावर नाटक करावं तसा.

तुमच्या वर्णनात मला वेगळंच दिसतं. नऊ वर्षांचा धनी, मेलेल्या बापाचं मीठ खाल्लेली चार माणसं, चारी बाजूंनी डोळा ठेवून असलेले शेजारी. इथं जाते ती अब्रू. दरबारात चेहरा ढळला की गेलात. फाइव्ह रिंग्जची पाचवी आवृत्ती (२०१८) नेमकी त्यावर उभी आहे. प्रत्येक पात्राचं गिरी, म्हणजे कर्तव्य, आणि निन्जो, म्हणजे मनातली ओढ, शीटवर लिहायचं, आणि जीएमने या दोघांना एकमेकांच्या अंगावर घालायचं. चिकामात्सूची (१६५३–१७२५) कितीतरी नाटकं याच जोडीवर चालतात. म्हणजे शंकासुरांनाही फार तक्रार नसावी.

शंकासुर

एदो काळातलीच हो तीही. पण ठीक आहे, सोडतो.

जुनाफासा

पाचव्या आवृत्तीला माझा सक्त विरोध. चिन्हांचे खास फासे. ते नसतील तर तक्ता लावून साधे फासे वाचत बसा. आणि 'संधी'चं चिन्ह पडलं की तिचं काय करायचं याच्या याद्याच याद्या. आकडा बघितला की कळलं पाहिजे, जमलं की नाही.

निवांत_कासव

याद्यांबद्दल सहमत. आम्ही त्यातल्या सहा निवडून एका कार्डावर लिहिल्या आणि बाकी विसरून गेलो. कुणाचं काही अडलं नाही.

कागदी_तलवार

सगळ्यांचे आभार. कासवांचा प्रश्न डोक्यात बसला, म्हणून काल प्रयोग केला. एकच प्रसंग, तीच पात्रं, दोन सिस्टिम. प्रसंग असा: शेजारच्या बड्या सरदाराचा दूत जेवायला बसलाय आणि अगदी गोड भाषेत धाकट्या धन्याला 'पाहुणा' म्हणून पाठवा म्हणतोय. म्हणजे ओलीस. तोकुगावा इएयासूचं लहानपण असंच गेलं, तेव्हा अतिशयोक्ती नाही. बोलणार होती नियम न वाचणारी. तिचं पात्र म्हणजे गडाचा म्हातारा कारभारी.

आधी डी अँड डी. ती छान बोलली. मी पर्स्वेजनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा मागितला. डी२०वर ४. दूत म्हणाला, नाही. शांतता. मग पहिल्याने विचारलं, "इनिशिएटिव्ह टाकू?" म्हणजे लढाईच. चार मिनिटांत दूत मेला. सगळे हसले, मीही हसलो, पण माझी पंधरा सेशनांची मोहीम तिथंच संपली होती.

मग फाइव्ह रिंग्जची पाचवी आवृत्ती. यात आधी कसं बोलणार ते ठरवायचं. पृथ्वी म्हणजे ठाम, अग्नी म्हणजे आवेशाने, जल म्हणजे जुळवून घेत, वायू म्हणजे आडवळणाने. कारभारी आडवळणाने बोलला. वायू ३, शिष्टाचार १, तेव्हा तीन काळे फासे आणि एक पांढरा, ठेवायचे जास्तीत जास्त तीन. यश हवं तीन. काळ्या फाशाच्या सहा बाजूंपैकी तीनवर तणावाचं चिन्ह असतं, आणि ठेवलेल्या फाशावरचा तणाव अंगावर येतो. आधीच्या बोलाचालीत तिच्यावर सहा तणाव साचलेला. तिची सहनशक्ती आठ, कारण पृथ्वी आणि जल दोन-दोन, त्यांची बेरीज दुप्पट.

फासे पडले. पांढरा कोरा. तिन्ही काळ्यांवर यश, आणि तिन्हींवर तणाव. एक फुटणारा होता, पुन्हा टाकला तर कोरा.

म्हणजे तिन्ही ठेवले तर दूत मानतो, पण सहा अधिक तीन नऊ, आठच्या वर, कारभाऱ्याचा तोल जातो. एखादा सोडला तर म्हातारा शांत राहतो आणि पोरगा जातो. मला वाटलं होतं की नियम समजावण्यात वेळ जाईल. तिने फाशांकडे बघितलं आणि एकच विचारलं, "तोल गेला म्हणजे काय होतं?" मी म्हटलं, मुखवटा गळतो, कसा ते तू सांग. तिने तिन्ही फासे ठेवले. दूत "वसंतापर्यंत थांबू" म्हणाला, आणि त्याच क्षणी म्हातारा त्याच्या देखत रडायला लागला. हुंदके देऊन. तो पोराचा आजा आहे, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिने तिथंच ठरवलं.

तलवारवाला त्यानंतर बराच वेळ गप्प बसला होता. आकडेवाला मात्र म्हणतोय की जुनेभाऊंची चौथी आवृत्तीच बरी.

रात्रपाळी

आजा! अंगावर काटा आला राव.

सहाबाजू

मी माझं पहिलं मत मागे घेतो. पण त्या दूताच्या जागी डी अँड डीतही चांगल्या जीएमने ४ पडल्यावर काहीतरी केलं असतं, एवढं नोंदवून ठेवतो.

निवांत_कासव

केलं असतं, स्वतःच्या डोक्याने. इथं फाशांनी प्रश्न तिच्या हातात दिला, फरक तो.

आकडेवाल्याला कोकू द्या. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, साधारण १८० लिटर, दीडशे किलोच्या आसपास. गडाचं उत्पन्न कोकूत, त्यातून शिपाई किती, बियाणं किती, दुष्काळाला राखून किती. तो वहीतून डोकं वर काढणार नाही. आणि र्‍यूतामाचे प्रवासाचे नियम आवडले म्हणून इथं चिकटवायचा मोह होईल, तो करू नका. दोन खेळांचे फासे एका टेबलावर आले की दोन्ही रुसतात.

जुनाफासा

तलवारवाल्याला द्वंद्व दाखवा. या आवृत्तीत द्वंद्वात ज्याचा तणाव सहनशक्तीच्या वर गेला, त्याच्यावर समोरच्याला निर्णायक वार मिळतो. म्हणजे जो आधी चिडला तो मेला. नियम माझ्या आवृत्तीचा नाही, पण कबूल करतो, बरा आहे.

वेताळीण

आणि भूतवालीसाठी मधलं एक सेशन शंभर गोष्टींचं ठेवा. ह्याकुमोनोगातारी काइदानकाइ, एदो काळातला खेळ. निळा कागद लावलेले शंभर दिवे, एकेक भुताची गोष्ट सांगून झाली की एकेक दिवा मालवायचा. शेवटचा मालवला की अओआन्दोन नावाची बाई येते म्हणतात. तुम्ही दहा दिवे घ्या. खेळाडू बरेचदा नऊवर थांबतात, खऱ्या सामुराईंसारखे.

कागदी_तलवार

ठरलं. पाचवी आवृत्ती, नकाशा माझा, पुस्तकातली कुळं रद्द, शाळांची नावं बदलून घेतली. तोड्याच्या बंदुका आहेत, शंकासुर, पण गडावर फक्त तीन, आणि त्यातली एक कोरडी राहत नाही. संधीचं कार्ड सहा ओळींचं केलं.

पहिलं सेशन परवा झालं. गावाच्या पाटात कप्पा. वेताळीणताई, मी पुजाऱ्याच्या तोंडून नमस्काराची गोष्ट दोनदा वदवली. दोनदा! भूतवाली पुढे झाली, वाकली, कप्पा वाकायला लागला, आणि नेमक्या त्या क्षणी तलवारवाल्याने त्याचा हात छाटला. शत्रूने नमस्कार केलेला असताना वार. ऑनरचे गुण मी जरा जास्तच कापले, तो कुरकुरला.

लोककथेत असतं तसंच मग रात्री कप्पा दाराशी आला. माझा हात परत द्या, बदल्यात मोडलेली हाडं सांधायची विद्या देतो म्हणाला. धाकट्या धन्याचा पाय जन्मापासून अधू आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तलवारवाल्याचं निन्जो आहे 'माझं नाव खिंडीपलीकडे पोचावं', आणि तो हात त्याने आधीच गडाच्या दरवाज्यावर टांगलाय, गावाने बघितलाय. आता उतरवला तर नाव जातं, ठेवला तर पोराचा पाय. तो अजून काही बोललेला नाही.

पुढचं सेशन पंधरा दिवसांनी. हाताला वास यायला लागलाय, एवढं मी त्याला कळवून ठेवलंय.